मोबाईल सेवेला 'बिनतारी' म्हणावे का?

तापीकाठ (भुसावळ):
मोबाईल सेवेला सर्रास 'बिनतारी' म्हटले जाते, ते मला पटत नाही. आपला आवाज हवेतून जातो तो जवळच्या टॉवरपर्यंतच. तिथून पुढे अनेक ठिकाणी जमिनीखालची ऑप्टिकल फायबर केबल असते. सातपुड्यातल्या रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली, की मोबाईलवर फुल रेंज दिसते आणि इंटरनेट मात्र बंद पडते. पोलिसांच्या वॉकीटॉकीला अशा केबलची गरज नसते, म्हणून 'पोलीस बिनतारी संदेश विभाग' हे नाव सार्थ वाटते. तापीला पूर आल्यावर कोणत्या साधनावर भिस्त ठेवायची, हे शब्दावरूनच कळायला हवे.

सातपुडा (शहादा):
सविनय असहमत. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने 'बिनतारी'ची व्याख्या करताना संदेश पाठवणारे आणि घेणारे यंत्र यांच्यामध्ये तार किंवा अखंड विद्युतवाहक नसणे, एवढीच अट घातली होती. मोबाईल आणि टॉवर ही अशीच जोडी आहे. तुमचा निकष लावला, तर स्टुडिओ आणि प्रक्षेपक यांच्यामध्ये केबल असणाऱ्या रेडिओ केंद्राचे प्रसारणही बिनतारी ठरणार नाही. शिवाय वॉकीटॉकीचा संदेश दूरवर न्यायचा, तर तोही टेकडीवरच्या रिपीटरमधूनच (संदेश घेऊन पुढे पाठवणाऱ्या यंत्रातूनच) जातो.

तापीकाठ:
रिपीटर संदेश पुन्हा लहरींवरच सोडतो, त्यामुळे त्याने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. राहिला कायदा, तो यंत्रांच्या परवान्यांसाठी होता (एकेकाळी घरच्या रेडिओलाही परवाना लागे), लोकांनी कोणत्या सेवेला काय म्हणावे हे ठरवण्यासाठी नव्हे.

केळीबाग (रावेर):
त्या व्याख्येत आणखी एक अडचण आहे. फायबर म्हणजे काच. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. 'विद्युतवाहक नाही' एवढ्याच शब्दांवर विसंबले, तर जमिनीत पुरलेली केबलसुद्धा बिनतारी ठरेल, आणि हे कोणीच मान्य करणार नाही. आमच्याकडे विहिरीवरची मोटार मोबाईल स्टार्टरने घरबसल्या चालू होते. विहिरीपर्यंत तार ओढावी लागत नाही, म्हणून शेतकरी ती सोय बिनतारी समजतो. पण टॉवरची केबल तुटली, की त्याला रात्री बांधावरून चालत जाऊन स्टार्टरचे बटण दाबावे लागते.

सातपुडा:
अशा वेळी दोष केबलचा असतो, शब्दाचा नव्हे. टॉवरपर्यंतची जोडणी बिनतारीच असते आणि शब्द तेवढेच सांगतो. संपूर्ण जाळ्याच्या भरवशाचे ओझे आपण त्याच्यावर का लादावे?