नोटीस आली की मुकाट भरा म्हणे!

पगारदार:
"नोटीस आली की मुकाट भरून टाका, आयकर खात्याशी भांडून कुणाचं भलं झालंय?" हा सीए ताळेबंद यांचा इथलाच कालचा सल्ला वाचून डोकं फिरलं. म्हणून हा धागा.

माझ्या आधीच्या कंपनीनं वर्षभर पगारातून कर (टीडीएस) कापला आणि सरकारात भरलाच नाही. २६एएस, म्हणजे आपल्या नावे जमा कराचा खात्याकडचा उतारा, कोरा. मग मागणी आली, व्याजासकट, माझ्या नावे. चोर सोडून संन्याशाला सुळी! आमचे सीए म्हणाले, "भरा आणि मोकळे व्हा." नाही भरले. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम २०५ साफ सांगतं: कापून घेतलेला कर त्याच माणसाकडे पुन्हा मागायचा नाही. पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवलं आणि खात्याच्या पोर्टलवर मागणीला 'असहमत' टाकलं.

ताळेबंद:
कलमं पाठ करून वसुली थांबत नसते, साहेब. पुढच्या वर्षीचा रिफंड कलम २४५ खाली या मागणीत वळता करून घेतला असेलच. ते लिहायचं राहिलं वाटतं?

पगारदार:
घेतला. आधी कळवावं लागतं, तसं कळवलंही होतं. मेल स्पॅममध्ये पडला, माझी चूक. पण तक्रार लावून धरली, दोन वर्षांनी परत मिळाला.

सरळव्याज:
आणि व्याज? मागणी आपण थकवली की महिन्याला १ टक्का, रिफंड त्यांनी थकवला की अर्धा. वर त्या अर्ध्यावरही कर!

मीठभाकर:
व्याजाचं सोडा, सीएंचं बोला. मला कलम १४३(१) ची सूचना आली, म्हणजे विवरणपत्र तपासलं एवढंच कळवणारी, मागणी शून्य. तरी "नोटीस आलीय, उत्तर द्यावं लागेल" म्हणून आमच्या सीएने फी घेतली. नंतर कळलं, उत्तर द्यायचंच नव्हतं.

ताळेबंद:
सगळ्यांना एका माळेचे मणी करू नका! शेवटच्या रात्री बुटाच्या खोक्यात पावत्या कोंबून आणणारे तुम्हीच, आणि फी म्हटली की तोंड वाकडं. अपिलाला ३० दिवस, वसुलीला स्थगिती मागितली तर सहसा आधी मागणीच्या २० टक्के भरा म्हणतात. ही धावपळ कोण करतं? मागणीच माझ्या फीपेक्षा कमी असेल तर 'भरा' नाही तर काय सांगू?

मीठभाकर:
खोकं नव्हतं, पिशवी होती.

निवृत्त_कारकून:
करदात्यांची सनद आहे की, ऑगस्ट २०२० ची. करदाता प्रामाणिक आहे असं धरून चालू, असं खात्यानेच लिहून दिलंय.

सरळव्याज:
२०१९ ला करदात्यांच्या तक्रारी ऐकणारा आयकर लोकपाल बंद केला, २०२० ला सनद दिली. दार काढून नेलं आणि 'सुस्वागतम्'ची पाटी लावली.

ताळेबंद:
बरं, एवढं मान्य: भरण्याआधी वाचावी. १ ऑक्टोबर २०१९ पासून, अपवाद सोडता, खात्याच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, लागतो. तो पोर्टलवर तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बोगस नोटीस घेऊन एक जण माझ्याकडे आला होता, पैसे भरायच्या तयारीने.

पगारदार:
त्यालाही 'मुकाट भरा' म्हणालात का?

ताळेबंद:
नाही. 'थांबा' म्हणालो. फीही घेतली नाही, मीठभाकर यांनी नोंद घ्यावी.