किमान रकमेचा सापळा

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीबद्दल ‘खर्च ज्याने केला, जबाबदारी त्याचीच’ असं म्हटलं जातं; ते मत मला अर्धंच पटतं. खर्च ग्राहक करतो, पण बिलावरची ‘किमान देय रक्कम’ कार्ड कंपनी ठरवते आणि खरी गोम तिथेच आहे. समजा थकबाकी १०,०००, व्याज महिना ३ टक्के, किमान रक्कम ५ टक्के. महिन्याने येणे होतं १०,३००, त्यातले ५१५ भरले की उरतात ९,७८५. म्हणजे मुद्दल फक्त २१५ने कमी झालं! या गतीने, नवी खरेदी शून्य धरली तरी, थकबाकी निम्मी व्हायलाच अडीच वर्षांहून जास्त लागतात. त्यात पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते, हे कितीजणांना माहीत असतं? अमेरिकेत २००९च्या कायद्याने, फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल ते बिलावर छापणं सक्तीचं केलं. कंपन्या आपणहून ते छापत नव्हत्या, म्हणूनच कायदा लागला ना?

ऑटो-डेबिट (बिल बँक खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय) लावलं असेल तर आजच तपासा: ‘किमान रक्कम’ निवडलेली असेल तर ‘संपूर्ण थकबाकी’ करा, खात्यात तेवढी शिल्लक ठेवून.