‘उचललेली गाडी’ म्हणजे कोणती? आणि चाकांच्या अलाइनमेंटला काय म्हणायचं?

रामदासपेठ
नमस्कार मंडळी, एका वाक्यावर अडले आहे. माझ्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्याने पिकअपची, व्ही-क्रॉसची, उंची दोन इंचांनी वाढवून घेतली, कारण बागेतल्या धुऱ्यावरून जाताना खालून घासायची. उंची वाढली आणि दुखणी सुरू झाली. सरळ रस्त्यावर गाडी भरकटायची. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून मागे यायचं नाही. काही महिन्यांत पुढचे टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झाले. नवे टायर घालून तीन ठिकाणी अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकांचे कोन मापात जुळवून घेतले. टायर झिजायचे थांबले, पण भरकटणं काही गेलं नाही. शेवटी कामठी रोडवरच्या एका गॅरेजात दुरुस्त झाली. ते गॅरेजवाले भाऊ म्हणाले, “ताई, असे गिऱ्हाईक आता बरेच येतात. त्यांच्या हाती देता येईल असा दोन पानी कागद मराठीत लिहून द्या.”

मी पहिलंच वाक्य लिहिलं: ‘उचललेल्या गाडीचे अलाइनमेंट करताना आधी कास्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो पाहावा.’ भाऊंनी वाचलं आणि विचारलं, “उचललेली म्हणजे चोरीची? का ट्रॅफिकवाल्यांनी नेलेली?”

त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे गाडी ‘उचलली’ म्हणजे एकतर चोराने किंवा पोलिसांच्या क्रेनने. फार तर जॅकवर. मग कायमची उंच केलेली गाडी कोणती? आणि अलाइनमेंटला बोलता येईल असा मराठी शब्द आहे का?

काटोलकर
‘उंचावलेली’ लिहा ताई. चोरीचा प्रश्नच येत नाही.

रामदासपेठ
लिहून पाहिलं. ‘उंचावलेली गाडी’ वाचताना मला उंचावलेली मान आणि उंचावलेला दर्जा आठवतो. गाडी मनाने मोठी झाल्यासारखी वाटते.

काटोलकर
मग ‘हाइट वाढवलेली’. आमच्याकडे तेच म्हणतात आणि कोणी अडत नाही. पण एक सांगतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कागदावर ही एक ओळ असू द्या, गिऱ्हाइकाला आधीच माहीत असलेलं बरं.

रामदासपेठ
ती ओळ नक्की घालते, धन्यवाद.

शब्दनिष्ठ
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे: संरेखन. रस्ता, लोहमार्ग, मेट्रो यांच्या कागदपत्रांत हा शब्द वापरात आहे. चाकांसाठी ‘चक्रसंरेखन’. मी हा आग्रह सोवळेपणापोटी धरत नाही. पारिभाषिक शब्दाला फुटवे फुटावे लागतात. संरेखन म्हटलं की संरेखित, असंरेखित, पुनर्संरेखन हे सगळं मिळतं. ‘अलाइनमेंट’ला मराठीत एकही फुटवा नाही. ‘अलाइनमेंट केलेलं’ आणि ‘अलाइनमेंट बिघडलेलं’ असं म्हणत आपण आयुष्यभर ‘केलेलं’ आणि ‘बिघडलेलं’वरच भागवणार का?

ऑटोमोटिव्ह चौक
नमस्कार. तो गॅरेजवाला मीच. ताईंनी इथली लिंक पाठवली म्हणून लिहून राहिलो.

सर, संरेखन चांगला शब्द असंन, पण मी पोऱ्याला म्हटलं “याचं संरेखन कर” तं तो पान्हा हातात धरून उभाच राहीन. गिऱ्हाईक तं अलाइनमेंटही म्हणत नाही. तो म्हणते, “गाडी डावीकडे ओढून राहिली”, “टायर आतून खाऊन राहिला”, “स्टिअरिंग वापस येत नाही”. मला तेवढ्यावरून निम्मं समजते. मराठीत हे सगळं आहेच, फक्त त्याचं नाव नाही.

या गाडीत काय झालं ते सांगतो. पुढं दोन आर्म असतात, वरचा अन् खालचा. मधात चाक. लिफ्ट केलं की बॉडी वर जाते, चाक जमिनीवरच राहते, म्हणजे दोन्ही आर्म खाली लटकतात. आर्म लटकले की चाकाचा उभेपणा बदलते, तो कॅम्बर. चाक ज्या तिरक्या रेषेवर फिरते, ती रेषा उभी होऊन जाते, तो कास्टर. अन् टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक फिरवणाऱ्या दांडीचा, कोन बदलला की दोन्ही चाकांची तोंडं फिरतात, तो टो.

कास्टर समजून घ्यायचा असंन तं सायकल पाहा. पुढचा चिमटा तिरपा असते, म्हणून हात सोडले तरी हँडल सरळ राहते. तोच चिमटा उभा केला तं सायकल थरथरंन. या गाडीचा कास्टर आधी तीन अंशाच्या आसपास होता, लिफ्टनंतर दीडवर आला. आधीच्या तिघांनी टो जुळवला, मशीनवर तो खण हिरवा झाला, अन् गाडी देऊन टाकली. कास्टरचा खण लालच होता. कंपनीच्या आर्मवर तेवढा कास्टर परत येतच नव्हता. वरचा आर्म वेगळा टाकला, तवा आला.

टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला दोष देतात. आधी टायरवर आडवा हात फिरवून पाहा. जाताना गुळगुळीत लागलं अन् येताना बोटाला धार लागली, करवतीसारखी, तं तो टो. या गाडीच्या जुन्या टायरले तशीच धार होती.

कास्टर-कॅम्बर हलवले की टो आपोआप हलते, म्हणून टो शेवटी. त्याच्या आधी चारही चाकांत हवा मापात, बॉल जॉइंट अन् बुश (आर्मचे सांधे अन् त्यातले रबर) ढिले नाहीत हे पाहायचं, स्टिअरिंग सरळ बांधून ठेवायचं. ताई, हे कागदावर ठळक टाका. शब्द कोणताही घ्या.

रामदासपेठ
भाऊ, तुमचा हा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा घेते. ‘चाकांची तोंडं फिरतात’ हे मला तासभर विचार करून सुचलं नव्हतं.

उमरेडचा मास्तर
‘नाव नाही’ हे मान्य नाही. नाव आहे, आणि ते आपण रोज वेगळ्या अर्थाने वापरतो.

माझे वडील उमरेडला ट्रक-जीपची कामं करायचे. मशीन नव्हतंच. गाडी सपाट फरशीवर घ्यायचे, चारी कोपऱ्यांना लोखंडी घोड्या ठेवायचे आणि दोन्ही बाजूंनी तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर सूत ताणायचे. मला सुताचं टोक धरून बसवायचे. मी हललो की ओरडायचे. मग पट्टीने सुतापासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर घ्यायचे, नंतर मागच्या कडेचं. पुढचं अंतर जरासं जास्त आलं म्हणजे चाक आत पाहतंय. ते म्हणायचे, “अर्धा सूत आत असू दे.” इथे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे सुताने मोजायचं, सुतात मोजायचं, आणि जमलं की म्हणायचे, “जुळलं सूत.”

दोन माणसांचं सूत जुळतं असं आपण म्हणतो, ते कुठून आलं? सुतार, गवंडी आणि गाडीवाले यांच्याकडूनच. म्हणून माझं म्हणणं, चाकांचं सूत जुळवणे. बिघडलं तर ‘सूत तुटलं’ किंवा ‘सूत बिनसलं’. घ्या, फुटवेही आले.

शब्दनिष्ठ
मास्तर, वडिलांची आठवण मोलाची आहे. पण ‘सूत जुळणे’ हा वाक्प्रचार सुताराच्या सुतातून आला, की कातणाऱ्या-विणणाऱ्याच्या सुतातून? तुटलेला धागा जोडतात तेही सूत जुळवणंच. आवडलेली व्युत्पत्ती खरी असतेच असं नाही. शिवाय ‘सूत’ म्हणजे कोन नव्हे. कास्टर सुताने मोजता येत नाही.

उमरेडचा मास्तर
कास्टर नाही मोजता येत, खरं आहे. पण कॅम्बरला वडील ओळंबा लावायचे. रिमच्या वरच्या कडेशी दोरी, खाली वजन, आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर पाहायचे. ओळंबाही दोरीचाच. विणकराचं सूत आणि गवंड्याचं सूत ही दोन सुतं आहेत असं मला वाटतच नाही.

व्युत्पत्तीप्रेमी
थोडं वेगळं सुचवतो. आपल्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जो आडवा दांडा असतो, ज्यावर दोन्ही चाकं बसतात, तो आख. संस्कृत ‘अक्ष’. त्याच अक्षाचं दुसरं रूप आस, पृथ्वीचा आस म्हणतो ते. ‘क्ष’ मराठीत येताना दोन वाटांनी येतो. क्षेत्राचं शेत, मक्षिकेची माशी, कुक्षीची कूस. उलट रक्षेची राख, कक्षाची काख. म्हणून एकाच शब्दातून आस आणि आख.

आता रस्त्याच्या अलाइनमेंटला आपण काय म्हणतो? आखणी. समृद्धी महामार्गाची आखणी. मला तर वाटतं की आखणी ही आखावरूनच आली. बंडीचा आख बसवणं म्हणजेच चाकं रेषेत आणणं. तेव्हा ‘चाकांची आखणी’ हाच शब्द घ्यावा, घरचाच आहे.

शब्दनिष्ठ
आख आणि आस यांची जोडी पटली, उत्तम मांडली आहे. पण ‘आखणे’ म्हणजे रेघ ओढणे. पाटीवर रेघा आखतात तिथे बंडी कुठे आली? मला त्यात ‘अंक’, म्हणजे खूण, दिसतो. नुसता नाद जुळला म्हणून नातं लावू नये.

व्युत्पत्तीप्रेमी
पाटीच्या आधी शेत होतं, आणि शेतातली पहिली सरळ रेघ चाकाने किंवा नांगराने ओढली. अंक मला मान्य नाही.

काटोलकर
शेतातली चाकाची रेघ म्हणजे चाकोरी! हा शब्द कोणालाच कसा आठवला नाही? चाकोरी सोडून वागणं म्हणतो ती चाकोरी आमच्या शिवारात अजून दिसते. पावसाळ्यानंतर काळ्या मातीत दोन खोल रेघा वाळून कडक होतात, आणि बंडी आपोआप त्यातूनच जाते. मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीत चाललं पाहिजे, हेच ना अलाइनमेंट?

ऑटोमोटिव्ह चौक
हे भाऊ एकदम बरोबर बोलले. मागं पाट्यावर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, सलग एक्सल असते, त्याचा टो-कॅम्बर काही फिरवता येत नाही. पण मधला बोल्ट तुटला की एक्सल सरकते, अन् गाडी तिरपी चालते. मागून पाहिलं की पुढची चाकं एका रेघेत, मागची दुसऱ्या. गिऱ्हाईक म्हणते, “गाडी कमरेतून वाकली.” चाकोरी हा शब्द त्याले चपखल बसते. पण कास्टरले नाही बसत. कास्टर बिघडला तरी चाकोरी सरळच राहते, फक्त ड्रायव्हरचे हात दुखतात.

रामदासपेठ
म्हणजे तीन गोष्टींना तीन शब्द लागतात की काय? टोसाठी मला ‘फेंगडी’ सुचलं होतं. चाकं बाहेर पाहत असतील तर फेंगडी. आई म्हणायची, “फेंगडा चालू नको, चपला एकाच बाजूने झिजतात.” टायरचंही तेच होतं.

उमरेडचा मास्तर
फेंगडी फारच छान! आत पाहणारी असतील तर?

रामदासपेठ
तिथेच अडले. चवडे आत वळवून चालणाऱ्याला आमच्या घरी काही शब्द नव्हता.

शब्दनिष्ठ
एक भर घालतो. कॅम्बर हा शब्द रस्त्यालाही आहे: मधे उंच आणि कडांना उतरता. त्याला बांधकामवाल्यांकडून ‘रस्त्याची पाठ’ असं ऐकलं आहे. म्हणजे चाकाचा कॅम्बर वेगळा, रस्त्याचा वेगळा. अशा वेळी बोलीतला शब्द गोंधळ वाढवतो, म्हणून मी परिभाषेचा आग्रह धरतो.

ऑटोमोटिव्ह चौक
सर, दोन्हीचा संबंधही आहे. आपण डावीकडून चालतो अन् रस्त्याची पाठ डावीकडं उतरते, म्हणून चांगली गाडीही जराशी डावीकडं जाते. लोक तेवढ्यासाठी अलाइनमेंटले येतात. मी त्यांले आधी सपाट जागी हात सोडून चालवून दाखवतो. ‘रस्त्याची पाठ’ मी आजपासून वापरीन.

व्युत्पत्तीप्रेमी
बंडीचं चाक उभं बसवायचे की जरा फाकवून, हे कोणी वाढयाला, म्हणजे सुताराला, विचारलं आहे का? ते फाकवायला काही शब्द असला तर तोच आपला कॅम्बर.

काटोलकर
मामाच्या गावी एक म्हातारे वाढई आहेत, त्यांनी बंडीही केली आहे आणि रेंगीही, म्हणजे हलकी छोटी बंडी. पोळ्याला जातो तेव्हा विचारतो.

रामदासपेठ
नक्की विचारा. कागद मात्र सोमवारी छापायला जातोय. सध्या ‘दोन इंच उंच केलेली गाडी’ असं सरळ लिहिलं आहे आणि वर मथळ्यात ‘अलाइनमेंट’च ठेवलं आहे. खाली भाऊंचं वाक्य: ‘टायरवर आधी आडवा हात फिरवून पाहा.’

उमरेडचा मास्तर
मथळ्यात निदान ‘चाकांचं सूत’ टाका हो. गिऱ्हाईक विचारेल, सूत कसलं? मग भाऊ सांगतील.

शब्दनिष्ठ
आणि सुताचा अर्थ इंचाचा आठवा भाग की दोरी, हेही त्यांनाच सांगावं लागेल.

उमरेडचा मास्तर
दोन्ही. वडील दोन्ही म्हणायचे.