सुट्टीचे शेवटचे आठवडे: वाचनालयात काय ठेवावं?

देवघेव_खिडकी

नमस्कार मंडळी,

मी एका सार्वजनिक वाचनालयात बालविभाग आणि देवघेव दोन्ही सांभाळते. उन्हाळी सुट्टी लागली की पहिले काही आठवडे नुसती झुंबड असते. गोष्टींचा तास, कागदकाम, शब्दकोडी, काहीही ठेवा, बसायला जागा उरत नाही. पण सुट्टी उताराला लागली की गर्दी ओसरते. शाळा तीनेक आठवड्यांवर आली की येणारी मुलं तीच ती, जी वर्षभर येतातच. जी सुरुवातीला बिचकत बिचकत दारातून आत आली होती, ती मात्र दिसेनाशी होतात. मला काळजी त्यांचीच वाटते.

आमच्या व्यवस्थापन मंडळाला दणक्यात समारोप हवाय. भिंतीवर वाचनाचा तक्ता आहे, एका पुस्तकाला एक चांदणी. ज्याच्या चांदण्या सर्वांत जास्त, त्याला पारितोषिक. परवा एक मुलगी त्या तक्त्यापुढे उभी होती. तिच्या नावापुढे दोन चांदण्या. तिच्याच वर एका मुलाची रांग इतकी लांबलेली, की कागद पुरला नाही म्हणून दुसरा जोडलाय. तिनं हात वर केला आणि आपल्या नावावर तळहात ठेवला. मागे कुणी येतंय असं वाटलं तसा काढला. तेव्हापासून समारोपाचं निमंत्रण लिहायला हात धजत नाहीये.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांना सोडायला येणारी मोठी माणसं. आज्या, आजोबा, आया, कधी थोरली बहीण. तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून असतात. त्यातल्या कितीतरी जणांनी वाचनालयात पाऊलही ठेवलेलं नाही. त्यांच्यासाठी काही करता येईल का?

आम्ही दोघंच कर्मचारी, पैसा बेताचा. मोठमोठ्या योजना नकोत, ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा.

---

पानखूण

ताई, तक्ता उद्याच उतरवा. समारोपाचं मंडळाशी नंतर बोलता येईल, त्याआधी तक्ता गेला पाहिजे. मी बालविभागात आयुष्य काढलंय आणि माझं मत पक्कं आहे: जास्तीत जास्त पुस्तकांच्या शर्यतीत हुरूप येतो तो मुळात वाचणाऱ्या मुलांना. बाकीच्यांना फक्त आपण किती मागे आहोत ते दिसतं. काही मोजायचंच असेल तर गाठता येईल असा एकच टप्पा सगळ्यांना ठेवा. ब्रिटनमधल्या वाचनालयांत १९९९पासून सुट्टीतल्या वाचनाचा मोठा उपक्रम चालतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांनी सुट्टीभरात सहा पुस्तकं वाचायची. चित्रांचं पुस्तक चालतं, विनोदांचं चालतं, ऐकायचंही चालतं. पहिला-दुसरा नंबर काढायचा प्रश्नच येत नाही.

आता शेवटच्या आठवड्यांचं. या दिवसांत नवा कार्यक्रम आखण्यात शक्ती घालवू नका. पुस्तकं मुलांच्या घरी जातील एवढं बघा. रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. गरीब घरांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे प्रत्येकी बारा पुस्तकं दिली. शिकवणी नाही, चाचणी नाही. फक्त पुस्तकं, आणि तीही मुलांनी स्वतः निवडलेली. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर ही मुलं वाचनात पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढे होती, आणि सर्वांत हलाखीच्या घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला होता. मला यातलं निवडीचं कलम फार मोलाचं वाटतं. आपण मोठी माणसं मुलाच्या हातात 'चांगलं' पुस्तक देतो आणि ते न उघडता परत येतं.

तुमच्याकडे एका कार्डावर एक किंवा दोनच पुस्तकं देत असाल. शाळा उघडेपर्यंत ही मर्यादा बालविभागापुरती उठवा. जितकी उचलता येतील तितकी न्या म्हणावं. परतीची तारीख शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरानंतरची टाका आणि मुलांच्या पुस्तकांवरचं विलंब शुल्क बंद करा. मंडळ घाबरेल. त्यांना सांगा, शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१९मध्ये सगळ्यांचाच दंड बंद केला, तर वर्षानुवर्षं घरात दडवून ठेवलेली पुस्तकं लोक परत आणून देऊ लागले. न्यूयॉर्कनं २०२१मध्ये तेच केलं. दंडाच्या धाकानं पुस्तक परत येत नाही, उलट पुस्तकाबरोबर सभासदही जातो. काही पुस्तकं हरवतील, ते धरून चला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र आहे की पुस्तकं उपयोगासाठी आहेत. कपाटात नवीकोरी राहून पिवळी पडलेली पुस्तकं किती, हेही मंडळानं एकदा मोजावं.

मांडणी बदला. पुस्तकांचा कणा बाहेर ठेवलात तर लहान मुलाला काहीच कळत नाही. निदान एक बुटकं टेबल घ्या आणि मुखपृष्ठं वर करून पुस्तकं पसरा. अवघड पुस्तक उचललं तर 'हे तुझ्यासाठी नाही' असं कुणी म्हणायचं नाही. एक पान वाचून बघ, पाचाहून जास्त शब्द अडले तर घरी कुणाकडून तरी वाचून घे, एवढंच सांगायचं, आणि पुस्तक द्यायचं.

गोष्टींच्या तासाचंही सांगते. शेवटच्या आठवड्यांत मी गोष्ट पूर्ण सांगत नसे. तीन-चार पुस्तकांची पहिली काही पानं वाचायची, आणि विहिरीत कोण पडलंय हे कळणार तेवढ्यात पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं. मुलं अक्षरशः टेबलावर तुटून पडतात. म्हणून तास ठेवण्याआधी त्या पुस्तकांच्या मिळतील तेवढ्या प्रती काढून ठेवा, नाहीतर रडारड होते. एक मुलगा मला आठवतो. रांगेत उभ्या उभ्याच वाचत होता, एका पायावर भार देऊन, बोट ओळीखाली. त्याचा नंबर आला तेव्हा त्याला खिडकीपर्यंत हाताला धरून आणावं लागलं.

बाकावरच्या माणसांचं उद्या लिहिते, त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच आहे.

---

खडू_फळा

पानखूण यांच्याशी सहमत. शिक्षक म्हणून एक भर घालतो. वाचनालयाच्या फलकांवर 'सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात' असा इशारा हमखास असतो. कृपया तो लावू नका. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये ३९ अभ्यास तपासून मांडलं होतं की सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभर मागे पडतात, वाचनापेक्षा गणितात जास्त. सगळीकडे तेच उद्धृत होतं. पण २०१९मध्ये पॉल फॉन हिप्पेल यांनी दाखवून दिलं की हे निष्कर्ष चाचणी कशी घेतली आणि गुण कसे मोजले यावर फार अवलंबून आहेत, नव्या चाचण्यांत ते चित्र तसंच दिसत नाही. धास्तावलेले पालक मुलाला वाचनालयात आणतात खरे, पण पुस्तक काढून घेऊन हातात सरावसंच देतात. मुलाला तिथे यावंसं वाटलं पाहिजे, मग बाकीचं होतं.

---

दुपारपाळी

माझा मुलगा अडखळत वाचतो. वर्गात वाचायची पाळी आली की पोट दुखायला लागतं. आमच्या वाचनालयात सुट्टीच्या शेवटी कुत्र्याला वाचून दाखवायचा उपक्रम होता. प्रशिक्षण दिलेला शांत कुत्रा, शेजारी त्याची मालकीण आणि समोर सतरंजीवर एकच मूल. ही पद्धत १९९९मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झाली म्हणे. कुत्रा चूक काढत नाही, मध्येच शब्द पुरवत नाही. माझा मुलगा एका शब्दावर थांबला, कुत्र्यानं जांभई देऊन त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली, आणि हा हळूच तोच शब्द पुन्हा वाचायला लागला. मी दाराआडून बघत होतो. डोळे भरून आले.

कुत्र्याची सोय प्रत्येकाला जमणार नाही, ॲलर्जीचं आणि भीतीचंही बघावं लागतं. पण एका मुलासमोर एकच ऐकणारा, आणि चूक काढायची नाही, एवढं तरी कुठेही होऊ शकतं. ताई, तुमच्या बाकावर बसलेले आजोबा हे काम करतील की!

---

कानाने_वाचतो

बाकावर बसणाऱ्यांत माझ्यासारखेही असतात. मला दिसत नाही. भाचीला सोडायला वाचनालयात जायचो आणि बाहेर बसायचो, कारण आत माझ्यासाठी काही असेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. एके दिवशी तिथल्या ग्रंथपालबाई स्वतः बाहेर आल्या आणि विचारलं, "ऐकायची पुस्तकं आहेत, लावून देऊ का?" त्या दिवसापासून मी सभासद आहे.

२०१३च्या मराकेश करारामुळे अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची ब्रेल किंवा श्राव्य प्रत हक्कधारकाची परवानगी न घेता करता येते, देशोदेशी पाठवताही येते. करार २०१६पासून लागू आहे. म्हणजे तुमच्या कपाटात नसलं तरी मागवायचा मार्ग आहे. फलक लावून आमचं भागत नाही, बाहेर येऊन तोंडी सांगा. मोठ्या टायपातली पुस्तकंही दाराजवळ ठेवा. चष्मा असूनही बारीक अक्षर न लागणारी पुष्कळ माणसं लाजेकाजेस्तव मागत नाहीत.

---

पानखूण

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. तोंडी सांगा, हे अगदी शंभर टक्के.

ताई, तुम्हाला न दिसणारी मुलं परत आणायचा माझ्या माहितीतला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे समारोपाच्या जागी पाठ्यपुस्तकांची अदलाबदल. शाळा उघडायच्या आधीच्या शनिवार-रविवारी ठेवा. मागच्या इयत्तेची पुस्तकं आणून द्या, पुढच्या इयत्तेची घेऊन जा. गोष्टींच्या तासाला न येणारी कुटुंबं याला येतात, कारण त्यांची ती गरजच असते. आणि पुस्तकाच्या निमित्तानं सगळं घर येतं.

त्याच दिवशी दाराशी एक टेबल मांडून जागच्या जागी सभासद करून घ्या. लहान मुलांना अनामत माफ करता आली तर उत्तमच. दुसऱ्या टेबलावर अर्ज भरून द्यायची सोय करा. प्रवेश, शिष्यवृत्ती, दाखले, सगळ्यांचे अर्ज याच दिवसांत भरायचे असतात आणि ते आता बहुतेक संगणकावर. वाचनालयात संगणक आहे, छपाई होते, शांतपणे वाचून दाखवणारं माणूस मिळतं. बाकावरची माणसं तिथून उठून आत आली तर ती अशाच कामासाठी येतील. पुस्तक त्यानंतर कधीतरी हातात घेतील, घाई करू नका. फक्त पासवर्ड आणि खात्याची माहिती त्यांची त्यांनाच टंकू द्या, आणि काम झाल्यावर लॉगआउट केलंय ना ते स्वतः बघा.

---

देवघेव_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता उतरवला. मंडळानं विलंब शुल्क फक्त बालविभागापुरतं आणि फक्त यंदा बंद करायला होकार दिलाय, तेही बऱ्याच चर्चेनंतर. अनामतीचा विषय पुढच्या बैठकीत. दोन आजोबा आणि एक आजी मुलांचं वाचन ऐकायला तयार झालेत. आजी म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, चालेल का?" मी म्हटलं, उलट उत्तमच, मुलं तुम्हाला समजावून सांगतील.

अदलाबदलीबद्दल एक शंका. जेवढी पुस्तकं आणली तेवढीच न्यायची, असा नियम ठेवावा का? नाहीतर शेवटी येणाऱ्यांना काही उरणार नाही अशी भीती वाटते.

---

पानखूण

तो नियम मुळीच ठेवू नका. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याच्यासाठीच तर हे आहे. त्याऐवजी पुस्तकं आठवडाभर आधीपासून गोळा करा, म्हणजे सकाळी टेबलं भरलेली असतील. इयत्तेप्रमाणे वेगळी टेबलं लावा. पुस्तक घेताना आवृत्तीचं साल बघा, अभ्यासक्रम बदललेला असेल तर ते बाजूला काढा. पानं फाटलेली असतील तर चिकटवायला एका मोठ्या मुलाला बसवा. एका घराला एका इयत्तेचा एकच संच, एवढी अट पुरते, आणि थोडे संच दुपारनंतर येणाऱ्यांसाठी आत राखून ठेवा. टेबलापाशी उभं राहायला मात्र असं माणूस निवडा, जे कुणालाही "तुम्ही काय आणलंत?" असं विचारणार नाही.