बाह्मनीच्या चालू डेटाबेसला एक्सेल थेट जोडावं का?

प्रश्न – आकडेवारीताई

आमचं ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे, सगळी नोंद बाह्मनी या रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. मंगळवारी गरोदर बायकांची ओपीडी असते. हिमोग्लोबिनचे रिपोर्ट दुपारी बारापर्यंत येतात आणि लांबच्या गावांच्या बायका दीडच्या एसटीने निघून जातात. ज्यांचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे त्यांना त्याआधी थांबवायचं आहे, कारण एकदा गावी गेली की पुन्हा आणणं अवघड. म्हणून रात्रीच्या रिपोर्टाचा उपयोग नाही.

आयटीच्या मुलाने ओडीबीसी ड्रायव्हर (एक्सेलला डेटाबेसशी जोडणारा प्रोग्राम) टाकून माझं एक्सेल थेट बाह्मनीच्या मायएसक्यूएल डेटाबेसला जोडून दिलंय. डेटा येतो, पण एकाच बाईच्या पाच-सहा ओळी येतात. एकीचं हिमोग्लोबिन त्याच तारखेला ६.८ पण दिसतं आणि ८.६ पण. मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. शिवाय मी रिफ्रेश केलं की ओपीडीची स्क्रीन अडकते असं सिस्टर सांगतात. हे जोडणंच चुकीचं आहे का?

उत्तर – बॅकअप_आधी

चालू सर्व्हरला हात लावू नका. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि तिथे काय हवं ते चालवा.

उत्तर – रेप्लिका

महिन्याच्या रिपोर्टासाठी बॅकअपचा सल्ला योग्यच आहे. पण इथे बाई दीडला निघते, कालचा डेटा घेऊन काय करणार? ताई, तुमची गरज खरी आहे. फक्त जोडणी नीट करा.

आधी ओळींचं. बाह्मनीच्या आत रुग्णांची नोंद ठेवणारं ओपनएमआरएस असतं, त्यात हिमोग्लोबिनचा वेगळा कॉलम नसतो. बीपी, वजन, हिमोग्लोबिन, सगळं ‘ओबीएस’ या एकाच टेबलात एकाखाली एक जातं आणि कन्सेप्ट आयडीवरून (प्रत्येक तपासणीचा ठरलेला क्रमांक) ते काय आहे ते कळतं. त्या कन्सेप्टला पूर्ण नाव, छोटं नाव, पर्यायी नावं अशी अनेक नावं असतात. कन्सेप्टच्या नावांचं टेबल जोडलंत की एका रिपोर्टाच्या तितक्या ओळी होतात. रुग्णाच्या नावांचंही तसंच, तिथे ‘प्रिफर्ड’ असलेलं एकच घ्या. कन्सेप्टचं नाव क्वेरीत (डेटाबेसकडून डेटा मागणाऱ्या आज्ञेत) जोडूच नका, आपल्या इन्स्टॉलेशनमधला हिमोग्लोबिनचा आयडी एकदा पक्का करून घ्या. दुसऱ्या रुग्णालयाच्या क्वेरीतला आकडा उचलू नका, तो तिथे वेगळा असू शकतो.

६.८ आणि ८.६ ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नोंद दुरुस्त केली की जुनी ओळ पुसली जात नाही. तिच्या ‘व्हॉइडेड’ कॉलमात १ पडतो आणि नवी ओळ येते. स्क्रीनवर डॉक्टरांना फक्त नवी दिसते, तुमच्या एक्सेलला दोन्ही. प्रत्येक टेबलाला ‘व्हॉइडेड = ०’ ही अट लावा, फक्त ओबीएसला नव्हे. एखाद्या बाईला रद्द झालेल्या आकड्यावरून थांबवणं किंवा खरा आकडा कमी असताना सोडून देणं, दोन्ही टाळायलाच हवं.

स्क्रीन अडकण्याचं बोलू. इनोडीबीत (मायएसक्यूएलची टेबलं साठवण्याची पद्धत) साधा सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचणारी क्वेरी, कुणाची नोंद अडवत नाही. पण लाखो ओळींचं टेबल अख्खं वाचायला घेतलंत की मेमरी आणि डिस्क तुम्हीच खाता. बहुतेक तुमच्या क्वेरीत ‘डेट(ओबीएस_डेटटाइम) = आज’ असं असेल. कॉलमला असं फंक्शन लावलं की इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) वापरला जात नाही. ‘आज शून्य वाजल्यापासून पुढे’ अशी रेंज द्या. जोडणीच्या सुरुवातीलाच मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम दहा हजार मिलिसेकंद ठेवा (मायएसक्यूएल ५.७.८ पासून आहे), म्हणजे भरकटलेला सिलेक्ट आपोआप तुटतो.

आणि कायमचा उपाय रेप्लिका. दुसऱ्या मशीनवर मूळ डेटाबेसची प्रत बिनलॉगने (मूळ डेटाबेसातल्या बदलांच्या नोंदवहीने) चालू ठेवायची, एक्सेल तिकडे जोडायचं. सहसा काही सेकंदच मागे असते, पण किती मागे आहे ते मात्र बघत राहा.

एक आग्रहाने सांगतो: एक्सेलला पूर्ण डेटाबेस वाचायचा हक्क देऊ नका. वेगळ्या स्कीमात (डेटाबेसच्या वेगळ्या कप्प्यात) एक व्ह्यू, म्हणजे क्वेरीवर बनलेलं आभासी टेबल, करा, त्यात रुग्ण क्रमांक, गाव, आकडा, वेळ एवढंच, आणि युजरला फक्त त्याच्यावर सिलेक्ट द्या. त्याच ओबीएस टेबलात एचआयव्हीचेही निकाल असतात. एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला वेळ लागत नाही.

उत्तर – वर्‍हाडचा_आयटी

प्रश्नचिन्हांचं सोपं आहे. मायएसक्यूएलच्या ओडीबीसीसोबत दोन ड्रायव्हर येतात, एएनएसआय आणि युनिकोड. तुमच्याकडे पहिला लागलाय, दुसरा निवडून डीएसएन (ओडीबीसी जोडणीची सेटिंग) नव्याने करा. एक्सेल ३२ बिटचं असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो.

पण मी विचारतो, एक्सेल हवंच कशाला? बाह्मनीत रुग्णांच्या याद्या एसक्यूएलवरूनच बनतात. ग्लोबल प्रॉपर्टीत (ओपनएमआरएसच्या सेटिंगमध्ये) ‘ईएमआरएपीआय.एसक्यूएलसर्च’ने सुरू होणाऱ्या नावाने तुमची क्वेरी ठेवा, एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये तिचा टॅब जोडा. यादी सिस्टरच्या स्क्रीनवरच येईल, नावासकट, आणि फाइल कुठेही बाहेर जाणार नाही. वर सांगितलेल्या अटी तिथेही लागूच.

आकडेवारीताई

युनिकोड ड्रायव्हरने नावं आली, ‘व्हॉइडेड’ लावल्यावर ६.८ गेलं. टॅबचं आयटीला सांगितलंय. एक शंका: लॅबने रिपोर्ट भरला तरी माझ्याकडे लगेच दिसत नाही.

रेप्लिका

लॅबचा डेटा आधी ओपनएलिस या बाह्मनीच्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, त्याचा डेटाबेस वेगळा, पोस्टग्रेसवर. तिथे निकाल तपासून मंजूर झाला की मगच फीडने (दोन सॉफ्टवेअरमधल्या आपोआप देवाणघेवाणीने) ओपनएमआरएसमध्ये येतो. मंगळवारी लॅबला एवढंच सांगा: गरोदर बायकांचे नमुने आधी मंजूर करा, आणि ७ च्या खालचा आकडा दिसला की फोन उचला.