२५ मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर सुधरवायचा का पोराचा हात?

कापूसपट्टा_आर्वी:
राजेहो, मोकळ्या मनानं मत द्या. आमच्या घरचा पोरगा पॉइंट टू टूच्या (०.२२ इंच गोळीच्या) सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलावर २५ मीटरची प्रॅक्टिस करते. पिस्तूल संस्थेचं हाय, चार-पाच पोरं तेच वापरतात. ट्रिगरची पहिली स्टेज, म्हंजे सुरुवातीचा हलका दाब, बरोबर येते पण तिथून पुढं दाबलं का खरखर सरकत राह्यते, शॉट कवा सुटंल काही भरोसा नाई. सर म्हणतात ट्रिगरले हात लावू नका, ड्राय फायर करा, म्हंजे बिनगोळीचा ट्रिगर दाबाचा सराव, हात आपोआप तयार होते. मले हे पटत नाई. ट्रिगरचं वजन (दाबाले लागणारा जोर) कमी करा असं मी म्हणतच नाई, नियमात कमीत कमी १००० ग्रॅम लागते तर तेवढं राहू द्या न. पण ती खरखर काढा, स्क्रूनं ट्रिगर त्याच्या बोटाच्या मापानं मागंपुढं करा, आन शॉट सुटल्यावर बोट धाडकन मागं जाते तिथं ते अडवणारा स्टॉप सेट करा. रॅपिडमध्ये, म्हंजे झटपट फेरीत, टार्गेट ३ सेकंद दिसते आन ७ सेकंद गायब, हात ४५ अंशावर खाली ठेवून उभं राह्याचं, मंग त्या ३ सेकंदात पिस्तूल वर आणा, साइट (नेम धराची खूण) जुळवा आन दाबा. खरखरत्या ट्रिगरवर पोरगं थांबते, घाबरते आन शेवटी झटका मारते, शॉट सातात जाते. तो झटका एकदा बोटात बसला का वर्षभर निघत नाई.

जुना_नेमबाज_वर्धा:
भाऊ, मी पूर्ण विरोधात. दहाचं वर्तुळ प्रिसिजनमध्ये, म्हणजे सावकाश नेमाच्या फेरीत, ५० मिलिमीटरचं असतं आणि रॅपिडमध्ये १०० मिलिमीटरचं. रॅपिडमध्ये एवढी मोठी जागा असून शॉट सातात जातो म्हणजे मनगट मोडतंय, ट्रिगरला दोष देऊन काय होणार? पांढऱ्या भिंतीसमोर उभं करा त्याला, टार्गेट नको काही नको, फक्त साइटकडे बघत दाबायचं आणि सुटताना साइट हलली का तेवढंच बघायचं. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं गोल्ड घेतलं ते काय स्क्रू फिरवून? पोरांना आज ट्रिगरचा बहाणा दिला की उद्या ग्रिपचा, परवा गोळीचा.

कापूसपट्टा_आर्वी:
दादा, राहीताईचं नाव काढलं म्हणून इचारतो, त्या लेवलचा कोणता शूटर दुसऱ्याच्या बोटाच्या मापाच्या ट्रिगरवर मॅच खेळते? मॅचच्या पिस्तुलाले कंपनी हे स्क्रू देते ते कायले देते मंग? आमच्या पोराचं बोट आखूड, ट्रिगर लांब सेट केलेला, म्हणून तो बोटाच्या टोकानं दाबते आन शॉट बाजूले जाते. यात मनगटाचा काय गुन्हा?

खाकी_यवतमाळ:
दोघांनाही एक सांगतो, आमच्या ड्युटीच्या पिस्तुलाशी याची गल्लत करू नका. ग्लॉक १७ चा ट्रिगर कंपनीतूनच अडीच किलोच्या आसपास येतो आणि तो मुद्दाम तेवढा ठेवलेला असतो, भरलेलं हत्यार कमरेला लावून धावपळ करायची असते, तिथं हलका ट्रिगर म्हणजे स्वतःच्याच मांडीत गोळी. खेळाच्या पिस्तुलाचं वेगळं. पण खरखर काढायची म्हणून गावातल्या कोण्या कारागिराकडं घेऊन जाल तर हात जोडून सांगतो, नका जाऊ. सिअरची, म्हणजे हॅमर (घोडा) अडवून धरणाऱ्या भागाची, कड जरा जास्त घासली गेली की हॅमर धरून राहत नाही, एकदा दाबलं की दोन सुटतात, नाहीतर नुसतं स्लाइड सोडल्यावर सुटते. तिथं बाजूला चार पोरं उभी असतात. स्क्रूपर्यंत ठीक, कानस अजिबात नाही.

धुऱ्यावरचा:
कोणी विचारलंच नाही म्हणून मी विचारतो, ते पिस्तूल शेवटचं साफ कधी केलं? पॉइंट टू टूच्या गोळीला मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं, त्यात शिसं आणि जळलेली बारूद मिसळून ट्रिगरच्या पार्टमध्ये काळा चिकट गाळ बसतो, वरून आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ आणि त्यात कोणीतरी भसाभसा तेल ओतलेलं. आधी संस्थेच्या आर्मररकडून (हत्यार दुरुस्त करणाऱ्याकडून) उघडून साफ करून घ्या, अर्धी खरखर तिथंच जाईल. आणि नेमबाज दादा, ड्राय फायर ड्राय फायर म्हणता पण पॉइंट टू टूमध्ये रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते त्या जागी) फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते, कड दबते, मग गोळी अडकते. ड्राय फायरची वेगळी सोय नसेल तर प्लास्टिकचा प्लग टाकूनच करायचं हेही पोरांना सांगा.

जुना_नेमबाज_वर्धा:
साफसफाई आणि प्लगचं मान्य, शंभर टक्के. पण स्क्रूचं नाही. पाच पोरं, एक पिस्तूल, प्रत्येकानं आपल्या मापानं फिरवलं तर वजन कुठं गेलं कोणाला कळणार? मॅचला नळी उभी धरून १००० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवतात, ते उचललं गेलं पाहिजे. मॅच संपल्यावर अचानक तपासणीत नापास झालं तर थेट डिस्क्वालिफाय. वर्षभराची मेहनत एका आट्यात जाते. आणि ते पोरगं तालुक्यातून एसटीनं येऊन खेळतं, त्याला दुसरी मॅच कधी मिळणार?

कापूसपट्टा_आर्वी:
म्हणूनच तर म्हणतो वजनाचा स्क्रू कोणी हातात घेऊच नका, तो आर्मररनं थोडा वरतीच ठेवून पेंटनं बंद करावा. ट्रिगर मागंपुढं कराचं तेवढं पोराइले करू द्या, खूण करून, आन मॅचच्या सकाळी वजन लावून पाहा. आखूड बोटाच्या पोरानं लांब ट्रिगरवर ड्राय फायर करत राह्याचं हे मी नाई मानत. या सोमवारी आर्मररले भेटतो.

जुना_नेमबाज_वर्धा:
भेटा. पण तोवर भिंतीसमोरची प्रॅक्टिस बंद करू नका त्याची.