मदत हवी आहे: तापमान वाढवलं की रिॲक्शन मंदावते, हे कसं काय?

नमस्कार मंडळी, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारला मेटल क्लस्टरच्या (धातूच्या मोजक्या अणूंच्या झुपक्याच्या) गॅस फेजमधल्या रिॲक्शन्स घेतल्यात, चार दिवस एकाच जागी अडकलेय. अकरावीपासून डोक्यात बसलंय की तापमान वाढलं की रिॲक्शनचा वेग वाढतो, आणि इथे सगळं उलटंच दिसतंय. सोन्याच्या दोन अणूंचा ऋण आयन हेलियम भरलेल्या ऑक्टोपोल ट्रॅपमध्ये (आठ दांड्यांच्या विद्युत क्षेत्राने आयन अडकवणाऱ्या सापळ्यात) धरून ठेवतात आणि ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड दोन्ही सोडतात, २००३ चं काम आहे. ३०० केल्विनला मास स्पेक्ट्रममध्ये फक्त ऑक्सिजन चिकटलेला आयन दिसतो. १०० केल्विनला नेलं की दोन्ही चिकटलेला पण दिसायला लागतो! सरांनी सरावाला ऑक्सिजन चिकटण्याचे रेट दिलेत त्यांचा अऱ्हेनिअस प्लॉट (रेटचा लॉग विरुद्ध १/तापमान) काढला तर उतार उलटा आला, मग ॲक्टिव्हेशन एनर्जी निगेटिव्ह म्हणायची का? आयन आणि रेणू किती वेळा भिडतात ते सांगणाऱ्या लँजेव्हिनच्या सूत्रात तर तापमान येतच नाही. आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा धन आयन मिथेनबरोबर, तोही तापवला की मंदावतो, तिथेही हेच कारण का? प्लीज कोणीतरी सांगा, शुक्रवारी सेमिनार आहे.

प्रतिसाद १

दोन्हीची कारणं वेगळी आहेत, गल्लत करू नका. लँजेव्हिन फक्त दोघं किती वेगाने भिडतात ते सांगतो, भिडल्यावर टिकतात का ते नाही. ऑक्सिजन चिकटला की बाँडची सगळी एनर्जी त्या चार अणूंतच अडकते, पसरायला जागा नसते. हेलियमने टक्कर देऊन ती काढून नेली तर आयन टिकला, नाहीतर ऑक्सिजन सुटून गेला. १ पास्कल हेलियम धरलं तर ३०० केल्विनला दोन टकरींमध्ये साधारण आठ-दहा मायक्रोसेकंद जातात, तेवढा वेळ जोडीने तग धरायला हवा, आणि आयन मुळातच गरम असेल तर ती आधीच तुटते. म्हणजे निगेटिव्ह आलेला आकडा हा नुसता प्लॉटचा उतार आहे, कुठल्या अडथळ्याची उंची नाही.

एक नक्की तपासा: प्रेशर तेच ठेवून १०० केल्विनला गेलं तर हेलियमची घनता तिप्पट होते. तेवढी वाढ आधी भागून काढा, मग उतार बघा.

मिथेनच्या रिॲक्शनमध्ये हेलियमची गरजच नाही, कारण तिथे मिथेनॉल किंवा मिथाइल रॅडिकल सुटून निघतो आणि जादा एनर्जी सोबत नेतो. अडथळा आहे, पण सुरुवातीच्या एनर्जीच्या खाली, आणि पुढे जायची वाट अरुंद. त्यात सहाच्या स्पिन मल्टिप्लिसिटीवरून (जोडी न जमलेल्या इलेक्ट्रॉन्सच्या संख्येत एक मिळवून येणारा आकडा) चारवर जावं लागतं. मागे फिरायची वाट मात्र ऐसपैस, म्हणून तापवलं की कॉम्प्लेक्स (आयन आणि मिथेनची तात्पुरती जोडी) जास्त करून मागेच फिरतो, म्हणजे परत सुटा होतो.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

खूप खूप आभार! घनतेचं डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्रीच सगळे पॉइंट परत काढते. अजून एक, क्लस्टर मोठा असेल तर एनर्जी पसरायला जागा जास्त मिळते, मग हेलियमचं प्रेशर बदलून फारसा फरक पडायला नको ना?